पानं जाळण्याआधी

रहदारीच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या वडाचं पान बोटाने पुसून पाहावं. बोटाला लागलेला काळा थर म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात डिझेलची काजळी असते, झिजलेल्या टायरमधलं जस्त असतं, ब्रेकमधून सुटलेलं लोखंड, तांबं आणि अँटिमनीही असतं. यातले कित्येक कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढेसुद्धा नाहीत. पान आडवं आलं नसतं, तर त्यांतले काही आपल्या फुप्फुसात खोलवर गेले असते.

पान हे काम कसं करतं? लव, उठावदार शिरा, मेणाचा पातळ थर यांवर कण अडकतात. पारिजातकाच्या खरखरीत पानावर धूळ चिकटून राहते, गुळगुळीत पानावरून ती लवकर निसटते. पावसाने मोठे कण धुऊन जातात, पण अगदी बारीक कण मेणात रुतून बसतात. इंग्लंडमधल्या लँकेस्टरला बार्बरा माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यालगतच्या घरांसमोर काही दिवस कुंड्यांतली बर्चची रोपं ओळीने ठेवली आणि घरातल्या टीव्हीच्या पडद्यांवरची धूळ पुसून मोजली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरात येणारे कण निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. अर्थात योग्य जागी लावलेल्या झाडांचं हे फळ. अरुंद गल्लीवर दाट छत्र झालं तर धूर खालीच कोंडतो. आणि अख्ख्या शहराची हवा झाडांच्या भरवशावर शुद्ध होत नाही; धूर निघतो तिथेच तो कमी करावा लागतो.

मला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक अस्वस्थ करते. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा वायू पर्णरंध्रांतून आत गेला की पान त्याचं रूपांतर करू शकतं. धातूचं तसं नाही. शिसं हे मूलद्रव्य; ते कुजत नाही, विरत नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं शिसं काही त्या वर्षी नाहीसं झालं नाही. म्हणजे झाड आपलं विष संपवत नाही, ठेवीसारखं सांभाळतं. पान गळतं तेव्हा ती ठेव आपल्या हाती परत येते.

आणि आपण तिला काडी लावतो. पानावर साठलेले कण पुन्हा हवेत जातात, त्यात जळत्या पानांचा धूर मिसळतो, आणि तोही थेट माणसाच्या नाकाच्या उंचीवर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून पाच हजारांपासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड ठरवला. तरी थंडीतल्या पहाटे ढीग धुमसतातच. जी पानं जळत नाहीत, त्यांनाही माती मिळत नाही, कारण आपण बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतून ठेवलंय. पानांवरून धुतलेली धूळही मग गटारातून नदीला मिळते. याच लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी मोकळी माती आपल्या प्रत्येक झाडाला मिळायला हवी. गर्दीच्या चौकातल्या पानांचं खत पालेभाजीला घालू नये, पण रस्त्याकडेच्या त्याच झाडांच्या बुंध्याशी ते खुशाल घालावं.

हा धूर सगळ्यांत आधी ज्याच्या छातीत जातो, तो असतो झाडू घेऊन आलेला सफाई कामगार. त्याला दोष देणं मला पटत नाही. रस्ता वेळेत स्वच्छ दिसायला हवा असतो, आणि पानं उचलायला गाडी येत नाही. दर वॉर्डात पानांसाठी एक खड्डा आणि पानगळीच्या महिन्यांत एक वेगळी गाडी, एवढी सोय महापालिकांनी आधी करावी, आणि मग दंडाची पावती फाडावी.