पराशा घरात उघडताना

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले की त्या आठवड्याची पराशा, म्हणजे तोराचा नेमलेला भाग, मुलांसमोर वाचायची आणि त्यांना हवे ते विचारू द्यायचे, ही पद्धत मुंबईच्या उपनगरांतल्या काही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांना बाहेरून आलेली वाटते. वाचन सिनेगॉगचे, अर्थ हझ्झानने, म्हणजे तिथल्या प्रार्थना चालवणाऱ्याने, सांगायचा, मुलांनी ऐकायचे, अशी सवय जुनी आहे. पण या समाजाचा इतिहास नीट पाहिला तर घरातली ही चर्चा त्याच वाटेवर पुढे येते, असे माझे ठाम मत आहे.

कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या लोकांना शनवार तेली म्हणत; त्यांच्याजवळ कित्येक पिढ्या तोराची पोथी नव्हती. शनिवारी घाणा बंद, सुंता, खाण्याचे निर्बंध आणि पाठ असलेली शेमा ही प्रार्थना एवढ्या आधारावर धर्म टिकला, तोही घरातच. १७९६ मध्ये सॅम्युएल एझेकिएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले, पुढे कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या. शब्द आले, अर्थ मात्र बहुतेकांपासून दूर राहिला. ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, ते धर्मांतराच्या आशेने. समाजाने व्याकरण घेतले आणि धर्म सोडला नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. १८४६ मध्ये पेसाखच्या सणाला वाचायची हग्गादा मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढली. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनांतून रंगू लागली. प्रत्येक टप्प्यावर अर्थ लोकांच्या जवळ आला, पण कीर्तनातला श्रोता श्रोताच राहिला आणि शिकवण्याचे काम हळूहळू घराबाहेर गेले. राहून गेला तो मुलाचा प्रश्न. खरे तर तोराने तो गृहीतच धरला आहे: मुलगा उद्या या विधींचा अर्थ विचारेल तेव्हा बापाने काय सांगावे, हे तिथे लिहिलेले आहे.

प्रश्नांनी श्रद्धा ढिली होते, ही भीती खोटी नाही; ज्या समाजातले बरेचसे लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले, त्यात मागे राहिलेल्यांना ती अधिकच वाटणार. पण ग्रंथात काय आहे? सदोम वाचावे म्हणून अब्राहाम थेट देवाशी वाद घालतो, पन्नास नीतिमानांपासून दहांवर येतो. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून विचारतात, भाऊ नाही म्हणून बापाचे नाव का पुसावे? देव त्यांना वाटा देतो. पुढे त्यांच्याच वंशातले पुरुष हरकत घेतात आणि त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते. मुलुंड-घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये वाढणारी बारा वर्षांची मुलगी इथे अडणारच: भाऊ असता तर काही मिळाले नसते का? हा प्रश्न दाबला तर ती कथा तिच्यासाठी तिथेच संपते.

दुसरी हरकत आईबापांच्या अपुऱ्या ज्ञानाची. अकराव्या शतकातले फ्रान्सचे राशी हे तोराचे सर्वात मान्य भाष्यकार. याकोबाच्या कथेत एके ठिकाणी त्यांनी सरळ लिहून ठेवले की या शब्दांतून काय शिकायचे ते मला कळत नाही. राशींना जे लिहिता आले, ते बोरिवलीतल्या बापाला जेवणाच्या टेबलावर म्हणता यावे, आणि मग हझ्झानला विचारता यावे. शिवाय शनिवारी क्लास, परीक्षा आणि लांबचा लोकलप्रवास यांत अनेक मुले ठाण्याच्या किंवा कुर्ल्याच्या सिनेगॉगमधल्या वाचनापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी घर वगळले तर उरते काय?

तिसरी हरकत मला सर्वात वजनदार वाटते. इसहाकाला वेदीवर बांधणाऱ्या बापाची कथा सहा वर्षांच्या मुलाला कशी सांगायची? माझ्या मते, तेव्हा सगळी सांगू नये. पराशांचे चक्र वर्षभरात पुरे होते आणि तीच कथा पुन्हा समोर येते. यंदा त्याच पराशेतल्या, सारा आणि अब्राहामाच्या दारी आलेल्या पाहुण्यांवर बोलावे. इसहाकाला नेले त्या डोंगरावरची वाट मूल स्वतः विचारील त्या वर्षी धरावी, आणि तेव्हा उत्तर टाळू नये.