सवलत आणि दया

अपंग मनुष्यास काम देणे हे दयेचे कृत्य आहे की न्यायाचे, हा प्रश्न वरवर पाहता मिटलेला दिसतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ होते ते २१ केले. सरकारी कागदांवरून 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलण्यास खर्च येत नाही. जिना बदलण्यास येतो. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

याच कायद्याच्या ३५ व्या कलमात खाजगी उद्योगांचा विचार आहे. कारखान्यांतील व कचेऱ्यांतील निदान ५ टक्के माणसे अपंग असावीत, यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी मालकांस उत्तेजन द्यावे, असे ते कलम सांगते. मात्र 'आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत'. सरकारी भाषेत दिवस घालविणाऱ्या आम्हां मंडळींस या पुरवणीचे वजन समजावून सांगावयास नको. ज्या कर्तव्याला अशी मर्यादा जोडलेली असते, ते पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत राहते. दयेची जुनी कल्पना येथे कायद्याच्या पोटातच दडून बसली आहे. अगोदर संपन्न होऊ, मग उरले तर देऊ, असा तिचा सूर आहे.

या सुराच्या मागे एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्योग हा नफ्यासाठी चालतो. जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे त्याला काम मिळावे. जो असमर्थ आहे त्याला समाजाने पोसावे. दोन्हींची गल्लत केली तर उद्योगही बुडेल आणि माणसाचा मानही राहणार नाही, असे म्हणणारे लोक निर्दय असतात असे नाही. परंतु सामर्थ्य ही संपूर्णपणे माणसाच्या अंगातच असलेली वस्तू आहे, असे त्यांनी न तपासता गृहीत धरलेले असते.

हे गृहीत तपासण्यास आमचेच उदाहरण पुरे आहे. महाराष्ट्रातून बदली होऊन बंगळूरला येणाऱ्या आम्हां केंद्रीय नोकरांपैकी कितीजणांस कन्नड वाचता येते? बसवरील पाटी आमच्यापुरती कोरी असते. तरी आम्ही पहिल्या दिवसापासून कामाचे ठरतो. टिपणी इंग्रजीत किंवा हिंदीत चालते; सामान आणण्यास बदलीचा भत्ता मिळतो; बदलीच्या नोकरांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून १९६३ पासून केंद्रीय विद्यालये उभी राहिली. ही सारी व्यवस्था काढून घेतली, तर आमच्या कार्यक्षमतेचे काय होईल, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. तिचा खर्च होतो. पण त्याला कोणी दया म्हणत नाही, आणि हा कारकून सरकारास परवडत नाही असेही म्हणत नाही. मग चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार, किंवा अंध टंकलेखकासाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकाची सोय, हीच तेवढी मेहेरबानी कशी ठरते?

सोय मिळाल्यावर काय घडते, हे आता अनुमानाने सांगण्याची गरज राहिलेली नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर, ज्यांना गावाने बाहेर घातले होते त्यांच्याच हातांनी विहिरी, शेती आणि उद्योग उभे केले. येथे बंगळूरात १९५९ साली अपंगांनीच पुढाकार घेऊन 'असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी' ही संस्था काढली. तिने औद्योगिक शिक्षणाबरोबर बागकामाचे शिक्षणही दिले. अशा संस्थांनी आपल्या वाट्याचे सिद्ध करून दाखविले आहे. परंतु आनंदवनात काम मिळते म्हणून पीण्याच्या कारखान्याचे दार बंद राहिले तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. संस्था वाट दाखवू शकते. तिच्यावर सारा समाज मावत नाही.

म्हणून प्रादेशिक आर्थिक धोरणाकडे वळावे लागते. कर्नाटकात डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली ११४ तालुके मागास ठरविले. त्या तालुक्यांचा दोष काय होता? पाणी, रस्ते, शाळा त्यांच्या वाट्याला कमी आल्या होत्या, एवढाच. मागास भागात कारखाना काढणाऱ्यास अधिक सवलत द्यावी, हे तत्त्व येथील औद्योगिक धोरणात रुळलेले आहे. त्यास कोणी भिक्षा म्हणत नाही. सवलतीच्या बदल्यात स्थानिकांस नोकऱ्या द्या, असेही राज्य उद्योगांस सांगत आले आहे. म्हणजे सरकारी जमीन आणि करमाफी घेणाऱ्यास अट घालता येते, हे मान्यच आहे. जे तत्त्व तालुक्यास लागू पडते ते माणसास का लागू पडू नये?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग नोंदले गेले. त्यांपैकी शेकडा सुमारे ६९ खेड्यांत राहतात. स्त्रियांत काम करणाऱ्या शेकडा सुमारे २३ च. तेव्हा बंगळूरच्या काचेच्या इमारतींत काही जागा भरल्याने हा प्रश्न सुटणार नाही. काम तालुक्याच्या गावी गेले पाहिजे आणि त्याबरोबर चढता येईल अशी बसही गेली पाहिजे. येथील मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक आहेत. पण स्थानकातून कारखान्यापर्यंतचा पदपथ जेथे फुटलेला असेल तेथे त्यांचा उपयोग अर्धाच.

सर्व सोयी करूनही काहींचे काम इतरांहून कमीच भरेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेथे पडणारी तूट एकट्या मालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; ती सार्वजनिक तिजोरीने उचलावी. नुसता चांगला मालक पुरत नाही, धोरण लागते, ते याचसाठी.

आणि धोरण अखेर आमच्यासारख्यांच्या टेबलावरून जाते. १९७७ साली केंद्र सरकारने 'क' व 'ड' वर्गांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या, १९९५ साली त्यास कायद्याचे बळ मिळाले. तरीही त्या जागा कशा मोजाव्यात हे सर्वोच्च न्यायालयास २०१३ साली सांगावे लागले. अपंगांसाठी निश्चित केलेल्या पदांपुरतेच नव्हे, तर संवर्गातील सर्व रिक्त पदांवर हिशेब करा, असा तो निर्णय होता. मधली ही वर्षे कायद्याच्या अभावी गेली नाहीत. हिशेबाच्या रीतीत गेली. बिंदुनामावलीत आज दर २५ बिंदूंमागे अपंगांसाठी एक जागा असते. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा त्या ओळीत लिहिण्यापूर्वी, उमेदवार अयोग्य होता की आमची इमारत, एवढे विचारणे कोणत्याही अंदाजपत्रकाच्या मर्यादेत बसते.