पीळ दगडात उतरत नाही

देव्हाऱ्यातला शंख नीट पाहिला तर त्याला डावे-उजवे असते. वेटोळी एका बाजूने उतरत जातात, तोंड एकाच अंगाला उघडते. समुद्री गोगलगायींची बहुतेक कवचे अशीच एककल्ली. बेलेरोफोन मात्र या रीतीत बसत नाही. पॅलिओझोइक काळातल्या खडकांत सापडणारे हे कवच एकाच पातळीत गुंडाळलेले असते. मधोमध चिरले तर दोन्ही भाग सारखे. तोंडाची कड पसरट आणि तिच्या ऐन मध्यावर एक अरुंद खाच. कवच वाढले तशी मागची खाच बुजत गेली, पण तिचा माग पाठीवरच्या बारीक पट्ट्यात उरला. चांगल्या नमुन्यावर भिंग धरले तर या पट्ट्यात खाचेच्या जुन्या कडा कोरीमागून कोर अशा उमटलेल्या दिसतात.

हा प्राणी कोण, याचे उत्तर दोनशे वर्षे बदलते आहे.

बेलेरोफोन हे नाव 1808 मध्ये देनी द मॉन्फोर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने दिले. जहाजे बुडवणाऱ्या महाकाय ऑक्टोपसवर ज्याचा मनापासून विश्वास होता, तोच हा मॉन्फोर. वेटोळ्याचा डौल पाहून त्याने बेलेरोफोनला नॉटिलसच्या पंगतीला, म्हणजे शीर्षपाद प्राण्यांत बसवले. पण नॉटिलसच्या कवचात आडवे पडदे आणि कप्पे असतात, बेलेरोफोनच्या कवचात ते नाहीत. मग त्याला पाण्यात तरंगणाऱ्या गोगलगायींच्या गटात ढकलण्यात आले. दोन्ही वेळा निकाल लागला तो बाहेरच्या आकारावर.

आकार किती फसवतो याचे उदाहरण अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये मिळते. तिथला ‘टुरिटेला अगेट’ हा दगड रत्नांच्या बाजारात प्रसिद्ध आहे. टुरिटेला ही समुद्री गोगलगाय, पण त्या दगडातल्या लांबट, मिनारी शंखांचा जीव गोड्या पाण्यातला निघाला. बाजाराने नाव काही बदललेले नाही.

त्यामुळे अभ्यासकांची नजर डौलावरून खाचेकडे वळली. अशीच खाच प्लुरोटोमारिया गटात दिसते. हा गट बराच काळ केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होता. 1856 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या आजच्या जातीचे वर्णन झाले आणि खाचेचे काम समजण्याची वाट मोकळी झाली. गोगलगायीच्या पिलावस्थेत शरीराला 180 अंशांचा पीळ पडतो आणि गुदद्वार डोक्यावर येते. कल्ल्यांवरून आलेले पाणी आणि घाण बाहेर टाकायला ही खाच उपयोगी पडते. बेलेरोफोनलाही खाच आहे, म्हणजे त्यालाही पीळ पडत असणार; सबब तो गोगलगाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा तर्क रुळला. त्याच सुमारास, 1880 मध्ये, विल्हेल्म वागेन या भूवैज्ञानिकाने आज पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंजमधील जीवाश्मांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत केले आणि या कुळात वार्थियासारख्या नव्या प्रजातींची भर घातली.

खाचेवरच्या तर्कातली गोम अशी. पीळ पडतो मऊ शरीराला, आणि जीवाश्म होते कवच. खाच हा पुरावा खरा, पण आडून आलेला.

त्याहून थेट पुरावा म्हणजे कवचाच्या आत स्नायू जिथे चिकटतात तिथले ठसे. स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर गुस्ताफ लिंडस्ट्रोम याला सिल्युरियन काळातली टोपीच्या आकाराची कवचे मिळाली होती. त्यांत हे ठसे जोडीजोडीने, ओळीत होते. पीळ पडलेल्या शरीरात अशी मांडणी कशी राहील? 1952 मध्ये डेन्मार्कच्या गालाथिया मोहिमेने मध्य अमेरिकेजवळ पॅसिफिकच्या तळातून, साडेतीन हजार मीटरहून अधिक खोलीवरून, तसलाच प्राणी वर काढला. हेनिंग लेम्के याने 1957 मध्ये त्याला निओपिलिना म्हटले. अशा टोपीसारख्या कवचांचा जो मोनोप्लॅकोफोरा वर्ग केवळ दगडात उरला असे वाटत होते, तो आजही जगतो आहे आणि त्याच्या शरीराला पीळ नाही, हे स्पष्ट झाले. अंदाजावर चाललेल्या वादाला ताडून पाहण्यासाठी अखेर खरे शरीर मिळाले.

त्याने वाद मिटला मात्र नाही. अमेरिकेचे जे. ब्रुक्स नाइट यांनी 1947 मध्येच बेलेरोफोनगटातल्या कवचांत स्नायूंच्या ठशांची एकच जोडी दाखवून त्यांना गोगलगायींत ठेवले होते. उलट, चेक संशोधक राडव्हान होर्नी यांना याच धाटणीच्या काही कवचांत अनेक जोड्या दिसल्या. 1974 मध्ये रनेगर आणि पोजेटा या संशोधकांनी तर सगळा बेलेरोफोनगटच मोनोप्लॅकोफोरात हलवला. म्हणजे खाच बघणारा एक निकाल देतो आणि ठसे मोजणारा दुसरा. शिवाय बाहेरून सारखी दिसणारी ही कवचे मुळात एकाच घराण्याची आहेत का, ही शंका वेगळीच.

2005 मध्ये फिलिप बुशे आणि जाँ-पिएर रोक्रुआ यांनी गोगलगायींच्या कुळांची मोठी यादी छापली. तिच्यात बेलेरोफोन ‘उदरपाद (म्हणजे गोगलगायी) की मोनोप्लॅकोफोरा, अनिश्चित’ अशा वेगळ्या कप्प्यात आहे. यादीकर्त्यांचा हा प्रामाणिकपणा जबरदस्तीने नेमून दिलेल्या जागेपेक्षा केव्हाही उपयोगाचा. आतले ठसे स्पष्ट टिकलेले नमुने मुळातच विरळ असतात, आणि तसा नमुना हाती लागला तरी तो गटातल्या इतर किती जातींच्या वतीने बोलतो, हा प्रश्न उरतोच.