आधी खांदा, मग शिंगं

2023 साली पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून त्यांचा नवा जिल्हा झाला. जिल्हा मध्य प्रदेशाचा, पण घरात बोली मराठी आणि शिवारात संत्रा. ही गोष्ट त्याच शिवारातल्या एका गावाची.

गावातल्या काही मंडळींनी बगीचा मंडळ काढलं. आषाढात नदीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं त्यांनी कडुनिंब, जांभूळ, करंज अशी साठ रोपं लावली. त्या दिवशी अर्धं गाव आलं होतं. फोटो निघाले, चहा झाला, पावसानं पाणी घातलं.

वर्ष फिरलं. पुढच्या श्रावणात, पोळा दोन दिवसांवर असताना, मंडळाची बैठक बसली. ज्यांनी मेहनत घेतली त्यांचा सत्कार करायचा असं ठरलं. यादी भरभर झाली. रोपं देणारा, ट्रॅक्टर देणारा, भाषण करणारा, फोटो काढणारा.

कोपऱ्यात संत्र्याची कलमं बांधणारे एक आजा बसले होते. त्यांनी विचारलं, "पोळ्याला बैलाचं आधी काय करता?"

"शिंगं रंगवतो," एक पोरगा म्हणाला.

"ते पोळ्याच्या दिवशी. आदल्या सांजेला?"

"खांद शेकतो."

"बरोबर. जिथं जू घासलं तिथं आधी हळद-तूप लावतो. मग शिंगं, मग झूल. तुमच्या यादीत शिंगं दिसतात, बापू. खांदा कुठं हाय?"

मंडळी उठून रस्त्यावर गेली. साठातली बावीस झाडं जगली होती. एकानं वाकून गवत बाजूला केलं, तर बुंध्याशी गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं. माती उकरून पाहिलं. मडक्याच्या तळाला बारीक भोक, आणि भोकात सुती चिंधीची वात. वातीवाटे पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जात होतं. बावीस झाडं, बावीस मडकी. ज्या झाडाशी मडकं नव्हतं, ते वाळून गेलं होतं.

वैशाखात त्या भागात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मृग बहार धरायचा म्हणून बागायतदार संत्र्यालाही ताण देतात, बागेचं पाणी बंद असतं. मग रस्त्यावरच्या रोपांना पाणी कुणी दिलं?

बावीसही वाती एकाच लुगड्याच्या होत्या. निळं कापड, त्यावर पिवळी बारीक फुलं. सोबत आलेली एक पोरगी म्हणाली, "हे त माह्या आजीचं लुगडं."

आजी संत्रा तोडायला मजुरीनं जायची. त्याच सांजेला सगळे तिच्या दारी गेले. ती गोंधळली. म्हणाली, "काही मोठं नाही केलं बाबू. फुटकी-तुटकी मडकी घरी पडून होती. कामावर जाता-येता एक-एक गुंड पाणी टाकत होती."

"मग सांगितलं का नाही, मायबाई?"

"कोणी विचारलं नाही."

हे ऐकून मंडळाच्या माणसांच्या माना खाली गेल्या. ती रागानं बोलली नव्हती, खरं तेच बोलली होती.

पोळ्याच्या आदल्या सांजेला घरोघरी बैलांची खांद शेकून झाली. मग पारावर सत्कार झाला. पहिलं नाव आजीचं पुकारलं. गावात तिला अमक्याची माय म्हणूनच ओळखत, त्या दिवशी तिचं स्वतःचं पूर्ण नाव घेतलं. तिनं शाल-नारळ दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि ताठ उभी राहिली. नंतर ट्रॅक्टरवाल्याचा, रोपं देणाऱ्याचाही मान झाला. कुणाला वाईट वाटलं नाही.

आजा म्हणाले, "अजून एक राहिलं. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत."

मंडळी समजली. तिथंच बावीस घरांची नावं काढली, घरामागं एक झाड. पुढच्या वैशाखात बावीस घरांतून बावीस गुंड पाणी निघालं. आजी आपल्या अंगणात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती, "बुंध्याशी ओतू नको बाई, मडक्यात ओत. वात वाळली असंल त बदल."

त्या उन्हाळ्यात एकही झाड वाळलं नाही.

तात्पर्य: झाड लावणारे आषाढात दिसतात, जगवणारे वैशाखात. सत्काराची यादी करण्याआधी वैशाखातला माणूस शोधा. तो स्वतःहून सांगायला येत नाही, आपणच विचारायला जावं लागतं. त्याचं नाव मोठ्यानं घ्या, आणि त्याच्या खांद्यावरचा थोडा भार आपल्या खांद्यावर घ्या. ही दुसरी गोष्ट केली नाही, तर शाल नुसती झूल ठरते.