चुलीजवळची किल्ली

हौशी संशोधकाची थट्टा करणे फार सोपे असते, आणि गॉडफ्रे हिगिन्ससारख्याची तर विशेषच. यॉर्कशायरच्या या जमीनदाराने प्राचीन दैवतकथांचा उगम धुंडाळण्यासाठी रोज सहा तास याप्रमाणे दहा वर्षे देण्याचा संकल्प केला, प्रत्यक्षात रोजचे सुमारे दहा तास याप्रमाणे जवळजवळ वीस वर्षे खर्ची घातली, आणि त्यांपैकी पहिल्या दहा वर्षांत शोधीत होतो त्यातले काहीच हाती लागले नाही, अशी कबुलीही आपल्या प्रस्तावनेत देऊन टाकली. ‘ॲनाकॅलिप्सिस’ या त्याच्या ग्रंथाच्या अवघ्या २०० प्रती निघाल्या, त्याही पदरमोड करून. १८३३ साली तो वारला, आणि १८३६ मध्ये दोन्ही खंड पुरे झाले. सगळे धर्म एका लुप्त आद्यधर्माच्या शाखा, अब्राहाम हा हिंदुस्थानातून गेलेला ब्राह्मण, कृष्ण आणि ख्रिस्त ही एकाच कथेची दोन रूपे, असा त्याचा एकंदर सिद्धान्त.

परंतु हाच मनुष्य मॅजिस्ट्रेटही होता. यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात आपण धाडलेल्या एका गरीब रोग्याचे हाल झाल्याचे १८१३ साली कळताच त्याने फिर्याद केली. वीस पौंड देणगी देणारा संस्थेचा गव्हर्नर होतो या नियमाचा आधार घेऊन तो व त्याचे स्नेही कारभारी मंडळात शिरले. आणि पुढल्या वर्षीच्या मार्चात तो स्वतः तपासणीस गेला. स्वयंपाकघराच्या बाजूच्या एका बंद दाराची किल्ली सापडत नाही, असे नोकर सांगू लागले, तेव्हा मला चुलीजवळ एक किल्ली सापडेल, असे तो म्हणाला. निखारे ढोसण्याची सळई त्याच्या मनात होती, हे ओळखून किल्ली तत्काळ हजर झाली. आत घाणीने माखलेल्या कोठड्या होत्या, आणि त्यांत रात्र काढणाऱ्या तेरा स्त्रिया वरच्या मजल्यावर, बारा फूट लांब आणि आठ फुटांहूनही अरुंद अशा खोलीत, दिवसा कोंडलेल्या आढळल्या. १८१५ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने याची जबानी दिली.

इतका खबरदार साक्षीदार अभ्यासिकेत बसताच नामसादृश्यालाच पुरावा कसा मानू लागला? त्याची चिकाटी किंवा सचोटी तेथे कमी पडली असे मला वाटत नाही. उलट यॉर्कमध्ये जी वृत्ती त्याला फळली तीच येथे घात करून गेली. दार बंद आहे त्या अर्थी कोणीतरी काही दडवीत आहे, हा त्याचा संशय इस्पितळात अक्षरशः खरा ठरला. पुराणकथांच्या बाबतीतही पुरोहितांनी सत्यावर पडदा ओढला आहे असेच तो धरून चालला. पण प्राचीन काळाच्या बहुतेक बंद दारांमागे गुन्हेगार नसतो. तेथे काळाने पुसलेल्या भाषा असतात, आणि त्यांच्यापुढे सळई उगारून किल्ली हजर होत नाही. ती किल्ली घडविण्याचे काम त्या वेळी दुसरीकडे चालू होते: तो वारला त्याच १८३३ साली फ्रांट्स बॉपच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग बर्लिनमध्ये निघाला. कानाला सारखे वाटणारे शब्द सगोत्र असतीलच असे नाही, हा धडा हिगिन्सच्या संप्रदायाला पुढेही पचला नाही; आपल्याकडे पु. ना. ओकांनी ख्रिश्चॅनिटीची ‘कृष्णनीती’ केली ती याच वाटेने.

घारापुरीच्या लेण्यातील एका शिल्पाविषयी हिगिन्सने प्रवाशांच्या वर्णनांवर विसंबून लिहिले. उगारलेले खड्ग, भोवती विनवणारी माणसे आणि मारलेली बालके: त्याच्या मते हा कंसाचा बालसंहार, म्हणून बायबलातल्या हेरॉडच्या कथेचा सख्खा भाऊ. वस्तुतः तो अंधकासुराचा वध करणारा शिव आहे; एका हाती रक्त झेलण्याचे पात्र आहे, डोक्यावर गजचर्म ताणलेले आहे. ते पात्र कोणी नीट पाहिले असते तर बालसंहार तेथेच निकालात निघाला असता. इस्पितळात दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्याने येथे मात्र तो ठेवला, याचे मला राहून राहून नवल वाटते.

त्या २०० प्रतींपैकी काही योग्य, म्हणजे अयोग्य, हाती पडल्या. थिऑसॉफीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्कीने १८७७ च्या ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये हिगिन्सचा आधार घेतला, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत ती कर्नल ऑल्कॉटसह बोटीने मुंबईस उतरली. त्याच बंदराच्या पाण्यात घारापुरीचे बेट आहे, आणि तेथे तो शिव हातातले पात्र घेऊन तसाच उभा होता.