गाडी नेमकी कशात असते?

अमेरिकेत जुनी मसल कार घ्यायला निघालेला जाणता माणूस आधी इंजिन सुरू करायला सांगत नाही. तो खिशातून एक छोटे चुंबक काढतो, रंगावर ओरखडा नको म्हणून ते फडक्यात गुंडाळतो आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून, दाराच्या खालच्या कडेवरून सावकाश फिरवतो. चुंबक धरले तर खाली पत्रा आहे. निसटले तर पुट्टी. मग गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा आणि मागच्या काचेची खालची कड पाहून होते. साठच्या दशकातली मस्टँग असेल तर तो बोनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या जाळीत बाटलीभर पाणी ओततो आणि आत जाऊन कार्पेटखाली हात घालतो. हात ओला झाला तर ती जाळी आतून सडली आहे. अशी गाडी बाहेरून कितीही चकाचक असो, शहाणा माणूस तिच्यापासून चार पावले मागे सरकतो.

हा व्यवहार रोकडा आहे, पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. सडलेला पत्रा कापला, नवा जोडला. इंजिन गेले, दुसरे आणले. सीट, काचा, वायरिंग सगळे बदलले. तरी ती तीच गाडी राहते का? आणि राहत असेल तर कशाच्या जोरावर?

१९६४ साली पाँटियाकने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे मोठे इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकायला काढली, तिथून मसल कारचा जमाना सुरू झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. १९७० च्या शेव्हेलमध्ये ४५४ घन इंच आणि ४५० अश्वशक्तीपर्यंत मजल गेली. मग विम्याचे हप्ते भडकले, धुराचे कायदे कडक झाले, १९७३ चे तेलसंकट आले आणि सगळे आटोपले. तरुण पोरांना परवडावी अशी ही स्वस्त, दांडगी गाडी होती. पन्नास वर्षे टिकावी म्हणून ती कोणी बनवलीच नव्हती. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पत्रा खाते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा शाबूत राहतो, पण डॅशबोर्ड उन्हाने तडकतो. म्हणूनच बदलाचा प्रश्न इथे चर्चेपुरता राहत नाही, त्याच्यावर पैसे लागलेले असतात.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख करून द्यायला ग्रीसमधल्या थीसियसच्या, फळी फळी बदलत गेलेल्या जहाजापर्यंत जायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला ज्याचे नाव मिळाले, त्या मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने जवळपास हेच विचारले होते. राजा रथातून आला होता. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा, जू, दांडी? राजा एकेकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले, की हे सगळे भाग एकत्र आले की ‘रथ’ हे नाव व्यवहारापुरते वापरतात. त्यांच्यात रथ नावाची वेगळी वस्तू सापडत नाही.

बाजाराला हे पटत नाही. बाजाराच्या मते गाडी नंबरात असते. गाडीवर रिव्हेटने ठोकलेली नंबराची पट्टी आणि तिच्याशी जुळणारे इंजिनावरचे आकडे, याला तिकडे ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणतात आणि त्यापायी किंमत कुठल्या कुठे जाते. १९६६ ते ६८ या काळातल्या अस्सल ‘शेव्हेल एसएस’चा नंबर १३८ ने सुरू होतो, १९६६ ते ७१ या काळातल्या जीटीओचा २४२ ने. पण १९६९ मध्ये एसएस हा नुसता जादा पैशांचा पर्याय झाला, त्यामुळे नंबरावरून काही कळत नाही. तेव्हापासूनच्या ‘मालिबू’ नावाच्या साध्या शेव्हेलना एसएसचे बिल्ले आणि पट्टे लावून विकण्याचा उद्योग आजतागायत जोरात आहे.

नंबराची थोरवी सांगणारी एक गोष्ट मात्र खरी घडलेली आहे. मेक्सिकोच्या बाहा भागात भंगारात एक पांढरी रंगवलेली मस्टँग सापडली. विकत घेणारे तिचे रूप पालटून सिनेमातल्या दुसऱ्याच एका प्रसिद्ध मस्टँगची नक्कल करणार होते. काम सुरू असताना नंबर तपासून घेतला आणि २०१७ मध्ये निष्पन्न झाले, की ही १९६८ च्या ‘बुलिट’ सिनेमात उड्या मारायला वापरलेली गाडी आहे. काम तिथेच थांबले. म्हणजे एका खऱ्या गाडीचा दुसरीची खोटी प्रत होण्याआधी जीव वाचला, आणि तो वाचवला पट्टीवरच्या आकड्यांनी.

पण हेच आकडे मुळावरही उठतात. कॅन्ससमधल्या एका माणसाने इंडियानातून १९५९ ची, डागडुजी करून नवी केलेली कॉर्वेट विकत घेतली. नोंदणीच्या तपासणीत दिसले, की कोणीतरी आधी पट्टी काढून पुन्हा बसवली आहे. चोरीची नव्हती, फसवणूकही या माणसाने केलेली नव्हती. तरीही कायद्याप्रमाणे गाडी जप्त झाली आणि ती नष्ट करण्याची वेळ आली. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. अखेर २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पट्टी काढून लावायची मुभा देणारा बदल केला. तोवर सरकारच्या लेखी ती गाडी म्हणजे दोन रिव्हेट आणि एक पट्टी, बाकी सगळा माल बेवारस.

इथे पुरीची आठवण येते. नवकलेवराच्या वेळी, शेवटचे २०१५ मध्ये, जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती संपूर्ण नव्या घडवल्या गेल्या आणि जुन्यांतला ब्रह्मपदार्थ डोळ्यांना पट्टी आणि हातांना वस्त्र बांधलेल्या सेवेकऱ्यांनी रात्री नव्यांत ठेवला. लाकूड सगळे बदलले, देव तोच. डायनाकॉर्न नावाची कंपनी १९६९ च्या कॅमॅरोचा अख्खा कोरा सांगाडा विकते. कोणी सडलेल्या गाडीची पट्टी काढून त्या नव्या सांगाड्यावर ठोकली, तर बाहेरून पाहता तो पुरीचाच विधी. पण अमेरिकेत असा नंबर फिरवणे हा केंद्रीय गुन्हा आहे. फरक कृतीत नाही, लपवण्यात आहे. पुरीत मूर्ती बदलल्या हे लाखो लोक सांगत येतात. गॅरेजमध्ये ते कोणाला कळू नये म्हणून काम चाललेले असते.

या गोंधळातून सगळ्यांत शहाणी वाट एका इंग्रज न्यायाधीशाने काढली, आणि तीही मसल कारच्या नव्हे, बेंटलीच्या खटल्यात. १९२९ आणि १९३० ची लमाँ शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ एक कोटी पाउंडांना विकायचे ठरले. पुढे खरेदीदाराने हात आखडता घेतला: इंजिन वेगळे, सांगाडा वेगळा, १९२९ चे यात उरले काय? १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी सांगितले, की मूळची गाडी तशीच्या तशी शिल्लक आहे असे म्हणता येणार नाही. पण ती कधी संपलीही नाही. शर्यतीच्या धबडग्यात ती तुकड्यातुकड्याने बदलत गेली, एका अवस्थेतून पुढची अवस्था निघाली, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. सबब हीच ओल्ड नंबर वन.

नागसेनही याच्या फार दूर नव्हता. रथाचा दाखला सगळ्यांना आठवतो, पण त्याच संवादात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाही दाखला आहे. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नाही, पण दोन दिवे होते असेही नाही. रथाच्या प्रश्नात काळ नाही, दिव्याच्या प्रश्नात आहे. जुन्या गाडीचा प्रश्न दिव्याच्या जातीचा.

तसे मानले, तर साधी, जुन्या वळणाची डागडुजी करू पाहणाऱ्याने कोणती गाडी घ्यावी याचे उत्तरही बदलते. शोरूमसारखी दिसावी म्हणून गाडीचा शेवटचा नटबोल्ट सुटा करणे, सांगाडा फिरत्या स्टँडवर चढवणे आणि चार वर्षांनी एक चकचकीत वस्तू बाहेर काढणे, यात ज्योत मध्येच विझते. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्ये इमारतींच्या जीर्णोद्धारावर ‘हा तर विनाश आहे’ असे टोकाचे मत दिले होते. अशा गाड्या पाहिल्या की त्याचा राग समजतो. कारखान्यातून निघताना ज्या गाड्यांचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होता, त्या आता आरशासारख्या चमकतात. उलट नायक स्टीव्ह मॅक्वीनने ‘बुलिट’मध्ये चालवलेली हिरवी मस्टँग जुन्या रंगासकट, पोचे आणि गंजासकट २०२० मध्ये लिलावात सुमारे ३७ लाख डॉलरना गेली. तिला नवी करण्याचा मोह कोणी केला असता, तर ती एक सुंदर हिरवी मस्टँग झाली असती, बस.

तेव्हा घ्यायची ती चालती गाडी, पत्र्याने शाबूत, मानाने मामुली. १९७० ची ३५० इंजिनाची मालिबू, ३१८ ची प्लिमथ सॅटेलाइट, २८९ ची दोन दारी मस्टँग. मालिबूचा सांगाडा वेगळा असतो, वरची बॉडी वेगळी. त्यामुळे फ्लोअर थोडा सडला तरी धीर सुटत नाही. मस्टँगचे तसे नाही, तिची बॉडी हाच सांगाडा. अशा गाडीला कोणाची नक्कल व्हायचे नसते आणि तिच्या नंबरावर कोणाची दौलत टांगलेली नसते. एका हिवाळ्यात ब्रेक, दुसऱ्यात कार्बोरेटर आणि पॉइंट, मग बुश आणि बॉल जॉइंट, मग सीटचे कापड. उन्हाळ्यात गाडी रस्त्यावर. सोवळे एकाच ठिकाणी सोडावे: १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांच्या ब्रेकला एकच सर्किट असते, पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. तिथे मास्टर सिलिंडर दुहेरी बसवण्यात कसलाही बाट नाही.

यावर आक्षेप येणारच. ज्योतीचाच न्याय लावायचा, तर उद्या कोणी त्या मालिबूत आजचे कॉम्प्युटरवर चालणारे इंजिन, आजचे ब्रेक, आजचा एसी बसवत गेला, तेही हळूहळू आणि उघडपणे, तर तीही तीच गाडी ठरेल. हो, ठरेल. जुन्या वळणाच्या माणसाला ती आवडणार नाही, कार्बोरेटरशिवायची गाडी त्याला अळणी वाटेल. पण तो तक्रार करू शकतो ती चवीची. गाडीच्या ओळखीवर त्याला हरकत घेता येणार नाही.