सोसल्याचा हिशेब

वय वाढले की माणूस शांत होतो, अशी आपली एक समजूत आहे. घरोघरचा अनुभव मात्र बऱ्याचदा उलटा असतो. चहाला पाच मिनिटे उशीर झाला, टीव्हीचा आवाज कोणी कमी केला, नातवाने एकच गोष्ट दोनदा विचारली, की ज्यांनी संसाराचे मोठमोठे घाव निमूट सोसले ती माणसे उसळून उठतात. मग कोणीतरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तो संपू नये असे मला वाटते, कारण त्यात एक गंभीर धार्मिक प्रश्न दडलेला आहे. मनुस्मृतीने धर्माची दहा लक्षणे सांगताना धृती, म्हणजे धीर, पहिली आणि क्षमा दुसरी धरली. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत क्षांती, म्हणजे सोशिकता, आहे. बौद्धांच्या पारमितांतही तिला स्थान आहे. इतक्या परंपरांनी जिला माणूस घडल्याची खूण मानले, ती गोष्ट साठ-सत्तर वर्षे जगल्यावर वाढायच्या ऐवजी आटत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर आयुष्य माणसाला काही शिकवत नाही, किंवा तरुणपणी आपण जिला सोशिकता म्हणतो ती बहुतांशी दुसरेच काहीतरी असते. मला दुसरी शक्यता खरी वाटते, आणि ती का, ते इथे मांडायचे आहे.

दोष मुळात वयाचा आहे का, हे आधी पाहायला हवे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या आरंभी म्हातारा केफालस सॉक्रेटिसला सांगतो की माझ्या वयाचे लोक एकत्र जमले की वार्धक्याच्या नावाने रडतात, पण कारण वार्धक्यच असते तर त्याने मलाही सोडले नसते, तेव्हा कारण स्वभावात आहे. सॉक्रेटिस त्याला लगेच अडवतो. तुझ्याकडे पैसा आहे म्हणून तुला हे सोपे जाते असे लोक म्हणतील, असे तो सुचवतो, आणि त्यात थोडे तथ्य असल्याचे केफालसही कबूल करतो. रोमन विचारवंत सिसरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, वार्धक्यावर निबंध लिहिला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या रोमन मुत्सद्दी केटोच्या तोंडून तो म्हणतो की म्हातारी माणसे तिरसट, काळजीखोर आणि रागीट असतात खरी, पण हे दोष त्यांच्या स्वभावाचे आहेत. मात्र तो एक सवलतही देतो: आपली उपेक्षा होते, आपल्याला हसले जाते असे त्यांना वाटत असते, आणि शरीर थकले की लहानसा धक्काही मोठा लागतो. अलीकडच्या संशोधनाचा कौलही वयाला दोषी धरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ त्याच माणसांच्या रोजच्या भावनांच्या नोंदी घेतल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वाढत्या वयाबरोबर माणसे सरासरीने अधिक समाधानी आणि भावनांच्या बाबतीत अधिक स्थिर होत जातात. सरासरीने सगळ्यांचे सांगता येत नाही, हे उघड आहे. पण वय हेच कारण असते, तर सरासरीच उलटी आली असती.

आपल्याकडचा पुरावा तर डोळ्यांसमोरचा आहे. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहावे. पदस्पर्श दर्शनासाठी तासन् तास, गर्दी वाढली तर अख्खा दिवस-रात्र त्या रांगेत जाते. त्यांत सत्तरी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांतली कितीतरी आळंदीहून किंवा देहूहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालून आलेली असतात. पाय सुजलेले, वर पाऊस, पुढे ढकलाढकली. तरी तोंडी नाम असते. हीच माणसे गावी परतल्यावर सगळ्याच बाबतीत शांत असतात असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे थांबण्याची ताकद वयाने संपलेली नसते. मग फरक कुठे पडतो? विठ्ठलाच्या रांगेत उभा असलेला माणूस त्या थांबण्याचे कोणाकडे काही मागणे ठेवत नाही. इतके तास उभा राहिलो म्हणून देव आपले काही देणे लागतो, असे त्याच्या मनात नसते. घरात मात्र त्याच्या प्रत्येक थांबण्यामागे चाळीस वर्षांचे जुने थांबणे उभे असते, आणि त्याची परतफेड अजून झालेली नसते.

ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी क्षमेची जी खूण सांगितली आहे, ती इथे फार उपयोगी पडते. सगळे सोसूनही सोसल्याचा अभिमान येत नाही, ती क्षमा. शरीर अंगावरचे केस वाहते पण आपण काही वाहतो आहोत हे त्याला ठाऊक नसते, तसे. इतकी कडक कसोटी लावली तर आपल्या सोसण्यातले किती उरेल? नोकरीतला माणूस तीस वर्षे साहेबाचे बोलणे ऐकून घेतो, कारण घराचे हप्ते आहेत, मुलांची शिक्षणे आहेत. त्याला लोक संयमी म्हणतात, तोही स्वतःला संयमी समजतो. पण आत कुठेतरी तो प्रत्येक अपमान लिहून ठेवत असतो. पुढे कधीतरी आपले दिवस येतील, आपण सांगू ते घरात चालेल, आपल्या कष्टाची कदर होईल, या भरवशावर ही नोंद चालते. निवृत्तीनंतर दोन गोष्टी एकदम घडतात. ज्या गरजेपोटी तोंड मिटले होते ती गरज संपते, आणि ज्या कदरीची वाट पाहिली ती येत नाही. मग वसुली सुरू होते, आणि ती साहेबाकडून होऊ शकत नाही म्हणून सुनेकडून, दूधवाल्याकडून, बँकेच्या खिडकीमागच्या पोराकडून होते. ‘आम्ही काय कमी सोसलं?’ हे वाक्य या वयातल्या चिडचिडीत वारंवार का येते, याचे उत्तर मला इथे दिसते. त्यांचा धीर म्हातारपणी सुटला असे आपण म्हणतो. मला वाटते, आधी होती ती उधारी होती, आणि तिची मुदत आता भरली.

हे सर्वांत जास्त आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत खरे आहे, आणि इथे दोष देताना जपून बोलले पाहिजे. सासुरवास सोसणे हा पिढ्यान् पिढ्या बाईचा सद्गुण मानला गेला. तिच्या सहनशीलतेची गाणी झाली, कहाण्या झाल्या. ती सोसते आहे म्हणून घर टिकते आहे, असे तिला शिकवले गेले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून स्त्रीधर्माचे सगळे ओझे एकाच बाजूला का, असा रोखठोक सवाल केला होता. समाजाने तो फारसा मनावर घेतला नाही. जिला नाही म्हणण्याची मुभाच नव्हती तिच्या गप्प राहण्याला क्षमा म्हणणे ही क्षमेचीही फसवणूक आहे आणि त्या बाईचीही. तीच बाई पुढे सासू होते, हातात थोडी सत्ता येते आणि सुनेच्या बारीकसारीक चुका तिला सहन होत नाहीत. लोक म्हणतात, किती सोशिक होती, आता बघा. खरे तर तिच्या सोसण्याची कोणी दखलच घेतली नाही, आणि न घेतलेली दखल पुढच्या पिढीच्या अंगावर आली. ज्या धर्मशास्त्राने पुरुषासाठी सुरकुत्या, पिकले केस आणि नातवंड दिसताच वानप्रस्थाची वाट आखून दिली, त्याने बाईसाठी वेगळी वाट आखली नाही. नवऱ्याबरोबर वनात जाणे नाही तर मुलांच्या आधाराने घरात राहणे, एवढेच तिच्या वाट्याला ठेवले. हिशेब स्वतःहून मिटवून बाजूला होण्याची सोय तिच्यासाठी नव्हतीच.

यावर पहिला आक्षेप शरीराचा. गुडघे दुखतात, झोप येत नाही, कान साथ देत नाहीत. अशा माणसाच्या चिडण्यात कसला आलाय हिशेब? आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीपुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जणांना त्रासदायक प्रमाणात कमी ऐकू येते. ज्याला अर्धे वाक्य ऐकू येते आणि उरलेले अंदाजाने भरावे लागते, तो संध्याकाळपर्यंत थकणारच. स्मृतिभ्रंशात तर स्वभावच बदलू शकतो, आणि तिथे नीतीची भाषा वापरणे क्रूरपणाचे आहे. आठव्या शतकातल्या बौद्ध आचार्य शांतिदेवाने ‘बोधिचर्यावतारा’च्या सहाव्या प्रकरणात क्षांतीबद्दल एक युक्तिवाद केला आहे, तो इथे लागू पडतो. पित्तामुळे मोठे दुःख होते तरी पित्तावर आपण रागावत नाही, मग माणसावर का रागवावे, तोही कारणांनीच ढकलला जातो, असे तो म्हणतो. घरातल्या चिडक्या म्हाताऱ्याकडे असे पाहता आले तर आपलाच धीर वाढेल. पण शरीराचे कारण सगळ्याला पुरत नाही. तेच गुडघे दर्शनबारीतही दुखत असतात. वेदना धीराची परीक्षा घेते. पण राग कोणावर आणि कशासाठी निघतो, हे ठरते आधीपासून मनात साठलेल्या गोष्टींवर.

दुसरा आक्षेप असा की उरलेले दिवस थोडे आहेत म्हणून थांबवत नाही. यात मला फारसा जोर दिसत नाही. कार्स्टेन्सन यांच्याच मांडणीत, काळ थोडा उरला आहे याची जाणीव माणसाला जवळच्या नात्यांकडे आणि समाधानाकडे वळवते. वेळ कमी उरल्यावर माणूस भांडण मिटवूही शकतो.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. अन्याय होत असेल तर म्हाताऱ्यांनी धीर का धरावा? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये किमान पेन्शन दरमहा १००० रुपये ठरले. तेवढ्यावर महिना काढायला सांगून वर शांत राहा म्हणणे हा धर्म होऊ शकत नाही. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत ताटकळत उभ्या केलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाने आवाज चढवला तर त्याला क्षांतीचा पाठ कोणी देऊ नये. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी याच मुद्द्यावर वाद घालते. प्रल्हादाने बळीला दिलेला उपदेश ती सांगते: सदासर्वदा तेज दाखवणे हिताचे नाही, आणि सदासर्वदा क्षमा करणेही नाही, सतत क्षमा करणाऱ्याला नोकरचाकरसुद्धा जुमानत नाहीत. युधिष्ठिर क्षमेची बाजू घेतो, पण व्यासांनी द्रौपदीचा युक्तिवाद कमकुवत ठेवलेला नाही. गीतेने तर धृतीचेही तीन प्रकार केले आहेत, आणि झोप, भय, शोक, खिन्नता, मद यांना न सोडणारी धृती तामस ठरवली आहे. म्हणून कोपऱ्यात मुकाट बसून राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला शांत समजणे चूक आहे. तिथे नुसती खचलेली आशा असू शकते. माझ्या म्हणण्याला यामुळे बाध येत नाही, उलट बळ मिळते. आजचा अन्याय आज, ज्याने केला त्याच्यापुढे बोलून दाखवला तर वहीत काही चढत नाही. जो राग वेळेवर, योग्य दाराशी व्यक्त झाला नाही, तोच वीस वर्षांनी चुकीच्या माणसावर निघतो. द्रौपदीची ठणकावून मागण्याची रीत आणि ज्ञानेश्वरांची विसरून वाहण्याची रीत, या दोन्ही मला निरोगी वाटतात. घातक आहे ती तिसरी रीत, वरून गप्प आणि आतून नोंद ठेवणारी.

आणि ही नोंद ठेवायची सवय मोडायची वेळ म्हातारपणी नसते. अद्वैताच्या परंपरेत तितिक्षा, म्हणजे सोसण्याची ताकद, शमदमादी सहा साधनांपैकी एक आहे, आणि ती ब्रह्मजिज्ञासेच्या आधीची तयारी आहे. शेवटी हाती येणारे फळ म्हणून तिचा उल्लेख नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर क्षांतीच्या पुढच्याच श्लोकात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख सतत पाहत राहण्याची सूचना येते. ज्ञानेश्वरांनी त्यावर लिहिताना वार्धक्याचे वर्णन विस्ताराने केले आहे: अंग वाळेल, इंद्रिये जातील, घरचे लोक कंटाळतील, हे ज्ञानी माणूस अंगात जोम असतानाच ओळखतो आणि त्याआधीच आपले हित साधून घेतो. हे सांगणाऱ्याने स्वतः वार्धक्य पाहिले नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची आणि त्यांची समाधी १२९६ ची.

चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकाने म्हणून आजच पाहावे की आपण जे सोसतो आहोत त्यातले किती मोकळ्या मनाने सोडून देता येईल आणि किती तोंडावर मागून घ्यावे लागेल. जे आधीच सत्तरीत आहेत त्यांच्यासाठी जबाबदारी घरच्यांची. त्यांचे कान तपासून घ्यावेत, त्यांची बँकेची कामे वेळेवर करावीत. आणि ‘मी किती सोसलं’ असे आई किंवा वडील म्हणतील तेव्हा ‘झालं ना आता ते, कशाला उकरता’ म्हणू नये. एकदा बसून ते पूर्ण ऐकावे, आणि खरे असेल तिथे ‘हो, तुम्ही सोसलंत, आणि त्याचा फायदा आम्हाला झाला’ एवढे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.